वीसच्या नोटेच्या मागे काय आहे?

खिशात वीसची नोट असेल तर तिला हात लावू नका. आधी एवढं सांगा: तिच्या मागच्या बाजूला चित्र कशाचं आहे?

ही हिरवट-पिवळी नोट २०१९ साली आली. तेव्हापासून भाजीवाल्याकडे, रिक्षात, दुधाच्या हिशेबात ती किती वेळा हातातून गेली असेल त्याला मोजदाद नाही. तरी गेल्या महिन्यात घरी सगळे जेवायला बसले असताना मी हा प्रश्न टाकला, तेव्हा उत्तरं आली ती अशी: ‘लाल किल्ला’, ‘संसद’, ‘काहीतरी देऊळ’. बाबा म्हणाले, ‘आधी माझी नोट परत दे.’ चित्र आहे वेरूळच्या लेण्यांचं. आमच्याकडचे तिघे वेरूळ पाहून आलेले, तरी ही गत. त्याच बाजूला पंधरा भाषांची एक पट्टी आहे. तीत मराठी कितवी? आठवी. मल्याळमच्या खाली, नेपाळीच्या वर. हे मलाही नोट समोर धरल्यावरच कळलं.

अमेरिकेत रेमंड निकरसन आणि मॅरिलिन ॲडम्स यांनी १९७९ साली हीच गंमत एक सेंटच्या नाण्यावर केली होती. जन्मभर ते नाणं वापरलेल्या लोकांना कागद-पेन्सिल देऊन म्हटलं, आठवून काढा. नाण्यावरच्या आठ मुख्य खुणांपैकी लोकांना जागच्या जागी काढता आल्या त्या साधारण तीन.

आता याच्या उलट. शेजारच्या काकूंनी वीस वर्षांपूर्वी एकदाच, तेही आवाज खाली करून, सांगितलेली कुणाच्या तरी मोडलेल्या लग्नाची हकीकत. ती मात्र नावागावासकट आठवते. हजारदा पाहिलेलं राहत नाही आणि एकदाच ऐकलेलं राहतं. मग ‘पुन्हा पुन्हा वाच, म्हणजे लक्षात राहील’ हे आपण पोरांना कशाच्या भरवशावर सांगतो?

झुप, केढ, वोण

विसरणं मोजता येतं हे पहिल्यांदा नीट दाखवलं हर्मान एबिंगहाउस या जर्मन अभ्यासकाने. त्याचं पुस्तक १८८५ साली आलं. प्रयोग करणारा तोच आणि ज्याच्यावर प्रयोग होतोय तोही तोच. त्याची अडचण अशी होती की कुठलाही शब्द घेतला तरी त्याला आधीपासून काही ना काही चिकटलेलं असतं. ‘आंबा’ म्हटलं की एकाला आजोळ आठवतं, दुसऱ्याला पित्त. म्हणून त्याने दोन व्यंजनांमध्ये एक स्वर घालून सुमारे २,३०० निरर्थक अक्षरगट तयार केले. आपल्याकडे ‘झुप’, ‘केढ’, ‘वोण’ असं काहीतरी म्हणू. त्यांच्या माळा करायच्या, ठेक्यात म्हणत पाठ करायच्या, न अडखळता म्हणता आल्या की थांबायचं. ठरावीक वेळाने तीच माळ पुन्हा पाठ करायला घ्यायची आणि या खेपेला किती कमी वेळ लागला ते मांडून ठेवायचं. पहिल्यांदा दहा मिनिटं लागली आणि नंतर सहाच पुरली, तर चाळीस टक्के बचत. म्हणजे तेवढं डोक्यात कुठेतरी शिल्लक होतं.

त्याचे आकडे असे: वीस मिनिटांनंतर बचत ५८ टक्के, तासाभराने ४४, एका दिवसाने ३४, सहा दिवसांनी २५, महिन्याभराने २१. नव्या माठासारखं आहे हे. पहिल्या दिवशी पाणी भराभर झिरपतं, मग झिरपणं मंदावतं.

या आकड्यांचा आलेख आजकाल बऱ्याच क्लासच्या जाहिरातीत दिसतो: ‘आज शिकलेलं उद्या दोन-तृतीयांश विसरतं!’ हे आकडे ‘झुप-केढ-वोण’चे आहेत, एवढं मात्र जाहिरातीत सांगायचं राहून जातं. त्याच एबिंगहाउसने बायरनच्या ‘डॉन जुअन’ या काव्यातली कडवीही पाठ करून पाहिली होती. तितक्याच लांबीच्या निरर्थक अक्षरांना जेवढे कष्ट पडत, त्याच्या साधारण एक दशांशात कडवं पाठ व्हायचं. माणूस तोच, डोकं तेच. एकीकडे धरायला अर्थ होता, दुसरीकडे काहीच नव्हतं.

काना, यमक, अर्थ

अर्थ असला की लक्षात राहतं, हे कोणीही सांगेल. पण अर्थ समोर असूनही आपण त्याच्याकडे पाहिलंच नाही तर? शब्द तोच, वेळ तेवढाच, फक्त मनाला त्या शब्दाबरोबर करायला दिलेलं काम वेगळं. तर काय होतं?

टोरोंटोतले फर्गस क्रेक आणि रॉबर्ट लॉकहार्ट यांनी १९७२ मध्ये या प्रश्नाला तोंड फोडलं. तोवरचं चित्र डब्यांचं होतं. ऐकलेलं आधी एका छोट्या डब्यात पडतं, घोकत राहिलं की तिथून मोठ्या डब्यात जातं. क्रेक-लॉकहार्टचं म्हणणं असं की डबे बाजूला ठेवा, ते आत घेताना मनाने त्याचं काय केलं ते पाहा. वरवर न्याहाळलं, की आवाज ऐकला, की अर्थाला हात घातला? या पायऱ्यांना त्यांनी प्रक्रियेच्या पातळ्या म्हटलं.

१९७५ साली क्रेक आणि एंडेल टुलव्हिंग यांनी त्याची पारख केली. त्यांचे शब्द इंग्रजी होते, आपण मराठीत मांडू. पडद्यावर सेकंदाच्या पाचव्या हिश्श्यापुरता एक शब्द झळकतो: ‘पाटी’. त्याआधी तुम्हाला तीनपैकी एक प्रश्न विचारलेला असतो. शब्दात काना आहे का? शब्दाचं ‘दाटी’शी यमक जुळतं का? ‘मास्तरांनी ____ पुसायला सांगितली’ या वाक्यात शब्द बसतो का? तुम्ही हो किंवा नाही म्हणायचं, पुढचा शब्द. (काना त्यांच्याकडे नसल्याने ते विचारत, शब्द मोठ्या लिपीत आहे की लहान.) पुढे परीक्षा आहे हे कोणालाच सांगितलेलं नव्हतं. शेवटी अचानक एक लांबलचक यादी पुढे आली: यातले कोणते शब्द मघाशी पाहिले होते?

ज्यांच्या अक्षरांच्या ठेवणीबद्दल विचारलं होतं, त्यांतले पाचातला एकही धड ओळखला गेला नाही. वाक्यात चपखल बसलेले शब्द दहातले नऊहून जास्त ओळखले गेले. यमकाचे मधे कुठेतरी.

यावर पहिली शंका अशी की वाक्याचा प्रश्न सोडवायला जास्त वेळ लागत असेल, म्हणून तो शब्द जास्त मुरत असेल. क्रेक-टुलव्हिंगनेही ती काढली. त्यांनी अक्षरांचं एक मुद्दाम किचकट काम दिलं, शब्दातली व्यंजनं-स्वर कोणत्या क्रमाने येतात ते ताडायचं. त्याला अर्थाच्या कामापेक्षा चांगला जास्त वेळ लागला, आणि तरी बाजी अर्थानेच मारली. पुस्तकासमोर किती तास बसलं हे विचारणाऱ्या तमाम पालकांनी या प्रयोगाशी ओळख करून घ्यायला हरकत नाही.

दुसरी शंका इच्छेबद्दल. लक्षात ठेवायचंच असं ठरवून बसलं तर? थॉमस हाइड आणि जेम्स जेंकिन्स यांनी १९६९ मध्येच याचा निकाल लावला होता. एका गटाला सांगितलं, शब्द पाठ करा. दुसऱ्याला परीक्षेची कल्पना न देता सांगितलं, हा शब्द मनाला बरा वाटतो की नकोसा, तेवढं ठरवा. तिसऱ्याने नुसतं शब्दात ‘ई’ हे अक्षर आहे का ते शोधायचं. बरं-नकोसं ठरवणाऱ्यांना पुढे जवळपास तितकेच शब्द आठवले जितके कंबर कसून पाठ करणाऱ्यांना. ‘ई’ शोधणारे बरेच मागे पडले. नुसत्या निर्धाराने काही हाती लागत नाही. निर्धार केल्यावर आपण त्या शब्दाचं काही करतो, जे लागतं ते त्याने.

हे असं का, तर विहिरीत पडलेली घागर काढण्यासारखं आहे. घागरीला जितके दोर बांधलेले, तितक्या बाजूंनी ती ओढता येते. मास्तर, ओलं फडकं, वर्गातला खडूचा धुरळा, कोणाची तरी फुटलेली पाटी: वाक्य मनात उभं राहिलं त्या क्षणी ‘पाटी’ला चार-सहा दोर बांधून झाले. ‘काना आहे’ हाही दोरच, पण त्याच एका दोराला तुम्ही आणखी शंभर शब्द बांधलेत. ओढला तर सगळा गुंता वर येणार. वीसच्या नोटेचंही तेच. नोट देताना आपलं काम एवढंच, ही दहाची नाही आणि पन्नासची नाही हे पाहणं. त्याला रंग पुरतो. वेरूळला दोर बांधायची वेळच कधी येत नाही.

चौकट: घरी करून पाहा

घरातल्या कोणालाही पुढचे वीस शब्द एकेक करून सांगा. एका शब्दाला विचारायचं ‘यात अक्षरं किती?’, पुढच्याला विचारायचं ‘निर्जन बेटावर अडकलात तर ही वस्तू कामाला येईल का?’ असं आलटून पालटून. नंतर विचारणार आहोत हे सांगू नका.

पाटी, चाळण, कंदील, दोर, ताट, छत्री, सुई, घागर, कुलूप, चटई, आरसा, विळी, खुर्ची, मेणबत्ती, टोपली, करवत, पिशवी, चप्पल, लाटणं, शिट्टी.

मग चहा टाका. चहा पिऊन झाल्यावर आठवतील तेवढे शब्द लिहायला सांगा. पहिले दोन आणि शेवटचे दोन मोजू नका, ते कुठल्याही यादीत तसेही जास्त आठवतात. अक्षरं मोजलेले किती आणि बेटावरचे किती, ते पाहा. दुसऱ्या कोणाला ही यादी देताना प्रश्नांची अदलाबदल करा, म्हणजे ‘शब्दच सोपे होते’ असं म्हणायला जागा राहणार नाही.

पिवळं झालेलं पुस्तक

माझी भाची यंदा दहावीला आहे. परवा ताईकडे गेलो तर ती लोणार सरोवरावरच्या एका उताऱ्यात पिवळा हायलाइटर घेऊन बसली होती. अर्धं पान हळदीत बुडवल्यासारखं झालं होतं. बुलढाणा जिल्हा, उल्कापात, बेसॉल्ट खडक, व्यास सुमारे १.८ किलोमीटर, खारं आणि अल्कधर्मी पाणी, २०२० साली रामसर यादीत समावेश. ‘तिसऱ्यांदा वाचून झालं, मामा. पाठ आहे.’ मी पुस्तक मिटलं आणि विचारलं, पाणी खारट का गं?

‘अं... उल्का पडली म्हणून?’

‘उल्का मिठाची होती?’

ती चिडली, पण हसलीही. मग मी स्वयंपाकघराकडे बोट दाखवलं. आमटी गॅसवर ठेवून विसरलं तर काय होतं? आटते. आणि चव? खारट होते. मीठ कोणी जास्त घालत नाही, पाणी तेवढं उडून जातं. लोणार हा खोलगट वाडगा आहे. पावसाचं आणि झऱ्यांचं पाणी आत येतं, येताना खडकातले क्षार थोडे थोडे घेऊन येतं, बाहेर जायला मात्र ओढा नाही. ऊन पाणी उडवतं, क्षार मागे राहतात. वर्षानुवर्षं आमटी आटतेय. तिने क्षणभर विचार केला आणि स्वतःच म्हणाली, ‘म्हणजे उल्केने वाडगा केला, म्हणून पाणी बाहेर जात नाही, म्हणून खारट. मग उल्का पडली म्हणून हे उत्तर तसं बरोबरच होतं!’ वकिलीत जाईल ही. पण पाहा, उल्का, वाडगा आणि खारटपणा हे पानावरचे तीन सुटे पिवळे पट्टे आता एका दोरात ओवले गेले होते.

ती आळशी नाही. तिला फसवलं ते तिच्याच डोळ्यांनी. तिसऱ्यांदा वाचताना ओळी झरझर सरकतात, पुढचं वाक्य काय येणार ते आधीच जाणवतं, आणि या सहजपणालाच आपण ‘येतंय’ समजतो. ओळखीचं वाटणं आणि आठवणं यांतलं अंतर लग्नाच्या मांडवात कळतं. चेहरा पाहिल्याबरोबर ‘अरे, हे तर आपले...’ इथवर आपण येतो. नाव काही येत नाही. परीक्षेत चेहरा समोर नसतो, नावच विचारतात.

सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक यांनी २००६ साली केलेला प्रयोग मला या सगळ्यात सर्वांत बोलका वाटतो. विद्यार्थ्यांना छोटे माहितीपर उतारे दिले, एक सूर्याबद्दल, एक समुद्री पाणमांजरांबद्दल. एकूण चार पाळ्या. पहिल्या गटाने चारही पाळ्यांत उतारा वाचला. दुसऱ्याने तीन पाळ्या वाचला आणि चौथ्या पाळीत कोऱ्या कागदावर आठवेल ते लिहिलं. तिसऱ्याने एकच पाळी वाचला आणि पुढच्या तिन्ही पाळ्या न पाहता लिहून काढला. चुका दाखवल्या नाहीत, उत्तरं सांगितली नाहीत. पहिल्या गटाचा उतारा सरासरी चौदाहून अधिक वेळा वाचून झाला, तिसऱ्याचा साडेतीन वेळाही नाही.

पाच मिनिटांनी परीक्षा घेतली. चारदा वाचणाऱ्यांना ८३ टक्के आठवलं, मधल्यांना ७८, तीनदा लिहिणाऱ्यांना ७१. वाचन जिंकलं. आणखी काही विद्यार्थ्यांना अगदी असंच करायला लावून त्यांची परीक्षा आठवड्याने घेतली. वाचणारे ४० टक्क्यांवर आले, मधले ५६ वर, आणि तीनदा लिहिणारे ६१ वर. क्रम पुरता उलटला.

आणखी एक गोष्ट. शिकून झाल्या झाल्या विद्यार्थ्यांना विचारलं होतं, आठवड्याने तुम्हाला किती आठवेल? सर्वांत जास्त खात्री होती नुसतं वाचणाऱ्यांना.

म्हणजे कोणती पद्धत चांगली या प्रश्नाला ‘कधीसाठी?’ हा उपप्रश्न लागतो. सकाळी अकराच्या पेपरसाठी पावणेअकराला गेटवर उभं राहून पानं चाळणाऱ्या मुलाचं चुकत नाही. पाच मिनिटांच्या शर्यतीत वाचनच पुढे असतं. तो चुकतो ते, याच पद्धतीने आपलं मागचं सगळं पाठ झालं असं समजण्यात.

आठवून काढण्याने असं काय होतं? टेकडीवर उभं राहून खालचं देऊळ कितीही वेळा पाहिलं तरी वाट तयार होत नाही. चालत गेलं की गवत दबतं. दुसऱ्यांदा गेलं की थोडं अधिक दबतं. अडखळत, चुकत, ‘थांब थांब, येतंय’ म्हणत जे आठवतं, त्या खेपेला डोक्यात पायवाट पडत असते. आणि यात सुख नाही. पुस्तक उघडून वाचणं हे आठवण्यापेक्षा केव्हाही सुखाचं, म्हणूनच आपण ते निवडतो.

मुसळधार आणि संततधार

रात्रभर कोसळलेला पाऊस सकाळी ओढ्यात दिसतो. चार दिवसांची रिपरिप शेतात मुरते. अभ्यासाचंही असंच आहे, हे एबिंगहाउसलाच दिसलं होतं. तेवढ्याच उजळण्या एका बैठकीत उरकण्यापेक्षा दिवसांमध्ये पसरल्या तर जास्त टिकतात. प्रश्न होता, किती पसरायच्या? निकोलस सेपेडा आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये तेराशेहून अधिक लोकांना फारशा कुणाला ठाऊक नसलेल्या गोष्टी शिकवून, दोन बैठकांतलं अंतर बदलून पाहिलं. परीक्षा आठवड्याने असेल तर एखाद्या दिवसाचं अंतर उत्तम ठरलं. परीक्षा वर्षाने असेल तर अंतर तीन आठवड्यांपर्यंत ताणलेलं बरं. थोडं विसरू द्यायचं, मग आठवायचं. पूर्ण विसरू द्यायचं नाही. लोणचं घालणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको: बरणी रोज उघडली तरी बिघडतं आणि दोन महिने हलवलीच नाही तरी.

लांबच्या पल्ल्याचं एक उदाहरण. हॅरी बाहरिकने १९८४ मध्ये ७३३ जणांचं स्पॅनिश तपासलं. कुणी ती भाषा नुकतीच शिकलेलं, कुणी पन्नास वर्षांपूर्वी शाळा-कॉलेजात शिकून नंतर सोडून दिलेलं. पहिली तीन ते सहा वर्षं गळती जोरात होती. त्यानंतर जे उरलं ते पंचवीस-तीस वर्षं जवळपास जसंच्या तसं टिकलं. किती उरलं हे ठरलं सुरुवातीला किती खोलवर आणि किती वर्षं पसरून शिकलं होतं त्यावर. चौथीतली कविता साठीतही सुरात म्हणणारी माणसं आपल्या प्रत्येकाच्या घरात आहेत. ती कविता वर्गात रोज म्हटलेली असते, पुढे बहिणीला शिकवलेली असते, मग मुलांना, मग नातवंडांना. आपल्याला दिसतं ते फक्त चौथीचं वर्ष.

मग घनपाठींचं काय?

इथवर वाचून कोणी म्हणेल, अर्थ महत्त्वाचा, घोकंपट्टी वाईट, विषय संपला. तसं असतं तर ऋग्वेद आपल्यापर्यंत आलाच नसता.

१,०२८ सूक्तं, लिहून न ठेवता, तोंडी, शतकानुशतकं. वैदिक पठणाच्या या परंपरेला युनेस्कोने २००३ मध्ये मानवजातीच्या अमूर्त वारशात जागा दिली. शिकणाऱ्या लहान मुलाला अर्थ कळत नसतो, बऱ्याचदा सांगितलेलाही नसतो. तरी एक स्वर इकडचा तिकडे होत नाही. क्रेक-लॉकहार्टच्या भाषेत ही तर ‘उथळ’ पातळी झाली!

पण शिकवण्याची रीत जवळून पाहा. आधी संहिता, म्हणजे सलग म्हणणं. मग पदपाठ: प्रत्येक शब्द सुटा. मग क्रमपाठ: पहिला-दुसरा, दुसरा-तिसरा, तिसरा-चौथा. मग जटा, आणि सर्वांत अवघड घन. शब्दांना आकडे देऊन घनपाठ असा: १-२, २-१, १-२-३, ३-२-१, १-२-३. मग एक शब्द पुढे सरकून २-३, ३-२, २-३-४, ४-३-२, २-३-४. एक पाऊल टाकायला तेरा शब्द. आणि हे नुसतं पुन्हापुन्हा म्हणणं नाही. शब्द उलटे आले की त्यांचा संधी बदलतो, उदात्त-अनुदात्त-स्वरित या स्वरांची जागा बदलते. प्रत्येक जोडीला सांधा नव्याने बसवावा लागतो. सवयीने पुढे घसरत जायची सोयच ठेवलेली नाही. कुठे एखादा स्वर सुटला असेल तर उलट्या फेरीत तो उघडा पडतो. आवाजालाही इतक्या बाजूंनी दोर बांधता येतात, हे ज्याने कोणी शोधलं त्याला प्रयोगशाळेची गरज पडली नाही.

‘उथळ’ हा शब्दच इथे गडबड करतो. खोल काय नि उथळ काय, हे पुढे काय विचारणार आहेत त्यावरही ठरतं. मॉरिस, ब्रान्सफर्ड आणि फ्रँक्स यांनी १९७७ मध्ये क्रेक-टुलव्हिंगच्याच धर्तीवर प्रयोग केला आणि फक्त शेवटची परीक्षा बदलली. पाहिलेले शब्द ओळखा असं न म्हणता विचारलं, पाहिलेल्या शब्दांशी यमक जुळणारे कोणते? अर्थाने शिकलेले मागे पडले, यमकाने शिकलेले पुढे गेले. वेदाचा ध्वनी जपायचा होता, म्हणून ध्वनीवर मेहनत घेतली, आणि ध्वनी उरला. पूर्वीच्या शाळेतली पावकी, निमकी, दीडकी, अडीचकी याच जातीची. दुकानात दीड शेराचा भाव क्षणात तोंडात यायला हवा. तिथे अपूर्णांकाचा अर्थ समजावून घेत बसणाऱ्याचं गिऱ्हाईक निघून जातं.

जात्यावर बसलं की ओवी सुचते

वेदपठणाची ही दारं बायकांना आणि बहुजनांना बंद होती. त्यांची स्मृती जात्यावर होती. पुण्यातल्या अभ्यासकांनी खेडोपाडी फिरून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या आहेत. बहुतेक गाणाऱ्या बायकांना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांना आठवायला काय होतं? खुंट्याची फिरती लय, पहाटेचा अंधार, आणि माहेर, भाऊ, लेक, विठ्ठल हे आपल्याच आयुष्यातले विषय. प्रत्येक ओवी कुठल्या ना कुठल्या स्वतःच्या गोष्टीला बांधलेली. एखादीला ओटीवर बसवून ‘म्हणा हो’ म्हटलं तर गाडी अडते. जात्याला हात लागला की एकामागून एक ओव्या येतात. म्हण उगीच पडलेली नाही.

मानसशास्त्रात याचा एक गाजलेला प्रयोग आहे. डंकन गॉडन आणि ॲलन बॅडली यांनी १९७५ साली स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर पाणबुड्यांना काही याद्या पाण्याखाली आणि काही काठावर शिकवल्या. पाण्याखाली शिकलेलं पाण्याखाली जास्त आठवलं, काठावरचं काठावर. पाठ्यपुस्तकांचा हा लाडका प्रयोग. २०२१ मध्ये तो पुन्हा करून पाहिला तेव्हा मात्र तो फरक दिसला नाही. त्यामुळे ‘ज्या खोलीत परीक्षा, त्याच खोलीत अभ्यास करा’ असल्या सल्ल्यांवर मी फार भिस्त ठेवणार नाही. जात्याचं बळ जागेत कमी आणि हाताच्या कामात जास्त असावं, असं मला वाटतं. शिकताना जी लय होती तीच आठवताना मिळते. नंबर विचारला तर सांगता येत नाही, पण फोन हातात दिला की अंगठा बरोबर अंक दाबतो, तसं काहीसं.

काल भाचीचा फोन आला. हायलाइटर संपलाय आणि ताई नवा आणून देत नाहीये, अशी तक्रार होती. मी मटार सोलत होतो. तिला म्हटलं, पुस्तक मीट आणि लोणार सांग. तिने सांगितलं. वाडगा, आमटी, क्षार, सगळं. मधे व्यास अठरा किलोमीटर म्हणाली, मग ‘एवढा मोठा वाडगा कसा असेल’ म्हणून स्वतःच दशांशचिन्ह परत जागेवर बसवलं. रामसर आठवलं, साल नाही. मी सांगणार इतक्यात म्हणाली, ‘थांब, सांगू नकोस.’ अर्ध्या मिनिटाने आलं.

मग तिने विचारलं, ‘आता तू सांग. वीसच्या नोटेवर मराठी कितवी?’

‘आठवी.’

‘आणि तिच्या वरची?’

ही ओळ मी याच लेखात महिन्याभरापूर्वी लिहिली, दोनदा तपासली. मटाराची शेंग हातात धरून बसलो.

‘थांब,’ म्हटलं, ‘सांगू नकोस.’